पांढरं दिसलं तर

"मावशी, पण सेफ असतं ना? एका रीलमध्ये सांगत होते, दातांचा वरचा थरच निघून जातो म्हणे."

सोनल क्लिनिकच्या खुर्चीत आडवी पडून डोळे वर करून माझ्याकडे बघत होती. वय सत्तावीस, इथे अमेरिकेत, नोव्हायमध्येच मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आणि तीन आठवड्यांनी पुण्यात लग्न. लग्नाआधी दात पांढरे करून घ्यायचे, हे आता हळदीइतकंच ठरून गेलं आहे. मार्च ते मे आमच्याकडे अशा नवऱ्या मुलींची आणि नवरदेवांची रांग असते.

"थरबीर काही निघत नाही," तिच्या गळ्याभोवती कागदी रुमाल अडकवत मी म्हणाले. "आपण दात खरवडतोय थोडेच? जेलमध्ये पेरॉक्साइड असतं. ते दाताच्या वरच्या कवचातून आत झिरपतं आणि आतल्या डागाचे बारीक बारीक तुकडे करतं. इतके बारीक, की ते दिसेनासे होतात."

"म्हणजे डाग आतच राहतो? यार मावशी, हे तर चीटिंग झालं."

"संसारात बरंच काही असंच चालतं. लग्नानंतर कळेल."

ती खुदकन हसली. मग तिची पुढची शंका आली, लिंबू आणि खायच्या सोड्याची. ही शंका दर तिसरा माणूस काढतो.

"त्याने मात्र खरोखरच थर जातो," मी म्हणाले. "लिंबू वरणभातावर पिळायचं. दातांवर नाही."

मी इथे चौदा वर्षं डेंटल असिस्टंट आहे. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरच्या हातात हवं ते हत्यार हव्या त्या क्षणी देणारी, दातांची मापं घेणारी, ट्रे बनवणारी आणि तोंडात बोळे असताना पेशंट काय म्हणतोय ते ओळखणारी बाई. बोलायला मी फटकळ. तरी लोक अपॉइंटमेंट घेताना "अंजनामावशी आहेत ना?" असं विचारतात, आणि ते ऐकून मला इतकी वर्षं बरं वाटत आलं आहे.

सोनलला घरी न्यायचा ट्रे, म्हणजे जेल भरून दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच, दाखवून मी सूचनांचा कागद हातात घेतला. इंग्रजी कागद क्लिनिकचा आहे. मराठी मी लिहिला, भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी.

"एक, थंड-गरम झोंबेल. चार-सहा दिवसांत थांबतं. दोन, कॅप बसवलेला किंवा सिमेंट भरलेला दात पांढरा होत नाही, तो आहे तसाच राहतो. तीन, दात किडका असेल तर आधी तो भरायचा. सांगितलेत तेवढेच दिवस ट्रे लावायचा, लवकर व्हावं म्हणून दुप्पट जेल घालायचं नाही. चार..."

चौथ्यापाशी मी थांबले. चौथी सूचना अशी आहे: हिरडीवर पांढरं दिसलं तर घाबरू नका. जेल लागल्यामुळे होतं. एक-दोन दिवसांत जातं.

"चार काय?" सोनलने विचारलं.

"तोंड उघड," मी म्हणाले.

"अहो, डॉक्टरांनी आत्ताच चेक केलंय सगळं."

"मला बघू दे."

मी बोटाला जाळीदार कापडाचा गॉज गुंडाळला. खालचा ओठ ओढला, वरचा ओढला. दोन्ही गाल आतून पाहिले, हिरडी आणि गाल यांच्यामधली खोबण बोट फिरवून पुसून पाहिली, जीभ धरून दोन्ही कडा पाहिल्या. पोरीचं तोंड धुतलेल्या भांड्यासारखं स्वच्छ होतं. मान वर केली तर दारात डॉक्टर प्रीता उभ्या होत्या. त्या बराच वेळ उभ्या असाव्यात.

*

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. कांचन तिचं नाव, पण मी ते कधी तोंडाने घेतलं नाही. मी दोन वर्षांची असताना आई गेली आणि सातवीत असलेल्या अक्काने शाळा सोडली. भाकरी, धुणं, म्हातारी आजी आणि मी, हे सगळं तिच्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला कराडचं कॉलेज आलं आणि पुढे श्रीरामसारखा इंजिनियर नवरा आणि हे गाव.

मिसरी तिला लागली ती चौदाव्या वर्षी. दाढ दुखत होती, शेजारणीने सांगितलं, लाव थोडी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर घासायची. घासून झाली की चिमूटभर हिरडीच्या खोबणीत तशीच ठेवायची. दाढ कधीच बरी झाली असेल, मिसरी राहिली. पुढे अक्का शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला लागली, विधवा झाली, मुलाला, राजेशला, तिने एकटीने वाढवलं. दिवसातून चार वेळा ती पाच मिनिटं कुठेतरी टेकायची आणि बोट तोंडात घालायची. आयुष्यात तिने स्वतःसाठी काढलेला तेवढाच वेळ.

गेल्या वर्षी मेमध्ये ती पहिल्यांदा आमच्याकडे आली, माझ्या मुलीच्या, इलाच्या लग्नाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी घरामागच्या लाकडी डेकच्या पायरीवर बसून तिने डबी उघडली. शेजारचा गोरा म्हातारा कुत्र्याला घेऊन निघाला होता. त्याने हात हलवला, अक्काने काळे दात दाखवून त्याला हसून दाखवलं आणि बाजूच्या गवतात थुंकली. मी खिडकीतून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अक्का, इथे असं चालत नाही गं."

"आगं मिसरी लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई माजं."

इला इथेच जन्मलेली. तिला कसलंच काही वाटलं नाही. डबी हुंगून ती म्हणाली, "मोठी मावशी, इज धिस लाइक चारकोल टूथपेस्ट? इट्स सो ट्रेंडी हिअर!" आणि दोघी हसत सुटल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीचं मराठी पाच वाक्यांत संपतं, तरी त्यांचं छान जमायचं.

मला मात्र लग्नाचा हॉल दिसत होता. इलाच्या सासरचे लोक ॲन आर्बरचे, तीन पिढ्या प्रोफेसर, सगळे बत्तीशी दाखवून हसणारे. त्यांच्यासमोर नवरीची मोठी मावशी म्हणून काळ्या दातांची अक्का उभी राहणार, आणि नवरीची आई कुठे काम करते, तर दातांच्या दवाखान्यात!

"अक्का, आपण तुझे दात करून घेऊ या का? माझ्याच हातातलं काम आहे. लोक हसतील नाहीतर."

"हसत्याल त्येंचं दात दिसत्याल," अक्का म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. मग सोलता सोलता तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तू सोता बघशील न्हवं माजं तोंड? का दुसरं कुनी?"

"मीच. दुसरं कोण?"

"मग कर."

इतक्या पटकन ती कबूल झाली याचं मला नवल वाटलं होतं. पण लगीनघाईत नवल करायला वेळ कुणाला असतो?

आमच्या क्लिनिकचा नियम साधा आहे. आधी डॉक्टर तोंड तपासणार, ओठापासून घशापर्यंत, मगच ट्रे. त्याआधी पेशंटने फॉर्म भरायचा. त्यात एक प्रश्न असतो: तंबाखू, कोणत्याही स्वरूपात? डॉक्टर प्रीता ट्रॉयमध्ये जन्मल्या, वाढल्या. मराठी बोलतात, पण मिसरी त्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्यापुढे माझ्या सख्ख्या बहिणीने तोंड उघडायचं, त्यांनी विचारायचं, "मावशी, व्हॉट इज दॅट?" आणि मी काय ते समजावून सांगायचं. माझी त्याला तयारी नव्हती. कारणं मी पुष्कळ शोधली. घरचंच माणूस आहे, उगाच डॉक्टरांना कशाला त्रास, व्हिजिटर माणसाची कागदपत्रं कोण करत बसणार. खरं कारण एकच होतं. मला लाज वाटत होती, बहिणीची.

क्लिनिक सकाळी मीच उघडायचे, त्यामुळे किल्ली माझ्याकडे असायची. एका रविवारी दुपारी मी अक्काला घेऊन गेले. पॉलिशच्या यंत्राने वरचा काळा थर काढला. ते काम करायची मला परवानगी नाही. मग दातांचं माप घेतलं, ट्रे बनवला. अक्का खुर्चीत हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसली होती. तोंड मोठ्ठं उघडलेलं आणि नजर सारखी माझ्या चेहऱ्यावर. मी मात्र दात बघत होते, फक्त दात.

रोज दुपारी जेवणानंतर दोन तास ती ट्रे लावून बसायची. मिसरी तिने दहा दिवस बंद ठेवली. त्यासाठी ती चहाच्या कपावर कप ढोसत होती, आणि मी तिला चहाने परत डाग पडतात म्हणून रागावत होते. सहाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली.

"आंजे, हितं चुरचुरतंय बघ."

माझ्या एका कानाला फोन होता. मांडववाला फुलांचा रंग विचारत होता. दुसऱ्या हाताने मी तिचा डावा गाल ओढून पाहिला. खाली, हिरडी आणि गालाच्या मधल्या खोबणीत पांढरं होतं.

"जेल लागलंय," मी म्हणाले. "जाईल एक-दोन दिवसांत."

"नक्की न्हवं?"

"अगं हो, रोज बघते मी असं."

यावर मी गेले चार महिने विचार करते आहे. दुसरं काही करतच नाही म्हटलं तरी चालेल. जेलने हिरडी पांढरी होते ती ट्रेच्या कडेला, दातांच्या मुळाशी. तो पापुद्रा मऊ असतो आणि दुसऱ्या दिवशी शोधून सापडत नाही. अक्काचं पांढरं त्याच्या बरंच खाली होतं, जिथे जेल पोचत नाही, जिथे ती चाळीस-पन्नास वर्षं मिसरी ठेवत आली होती. ते जाडसर होतं, दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलेलं. दोन्हींतला फरक मला ठाऊक आहे. गॉजने पुसून बघायचं, पुसलं जात नसेल तर डॉक्टरला बोलवायचं, हे मी नव्या मुलींना शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या डोळ्यांना ते वेगळं दिसलं होतं. मी मनाला ते घेऊ दिलं नाही, कारण फोनवर फुलं होती आणि लग्न नऊ दिवसांवर होतं.

त्यानंतर मी पुन्हा बघितलं नाही. अक्कानेही पुन्हा काही म्हटलं नाही.

लग्न छान झालं. अक्काचे दात अगदी मोत्यासारखे नव्हे, पण स्वच्छ, फिकट पिवळसर झाले होते. इलाची सासू तिचे दोन्ही हात धरून "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणाली. इला फक्त माझ्या कानाशी पुटपुटली, "आई, शी लुक्ड फाइन बिफोर टू." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जुलैत अक्का गावी परतली.

नोव्हेंबरात राजेशचा फोन आला.

"मावशी, आईला तोंडाचा कॅन्सर सांगितलाय. डाव्या बाजूला. डॉक्टर म्हणतात, सहा-आठ महिने आधी आला असतात तर एवढ्याशा कापाने भागलं असतं."

आठ महिने मागे मोजले तर मार्च येत होता, सहा मोजले तर मे. मेमध्ये अक्का माझ्या स्वयंपाकघरात गाल ओढून उभी होती.

जेलने कॅन्सर होत नाही. हे मी पेशंटना सांगते आणि ते खरं आहे. जे झालं ते मिसरीने, वर्षानुवर्षांच्या मिसरीने. मी ते फक्त बघून सोडून दिलं. पण हा "फक्त" घशाखाली उतरत नाही.

डिसेंबरात ऑपरेशनला मी कोल्हापूरला गेले. तेरा दिवस तिथे होते. डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला. मी पांढरे केलेल्यांपैकी सहा दात त्यासोबत गेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनने राउंडला विचारलं होतं, "आजी, दात एवढे स्वच्छ कसे? कुणी साफ केलेत? त्यांनी तोंडात काही बघितलं नाही?"

मी हातात थर्मास घेऊन कॉटशी उभी होते. थर्मासचं झाकण मी उगाच पुन्हा घट्ट केलं.

"न्हाई जी," अक्का म्हणाली. "कुनीच न्हाई बघितलं."

मला वाटलं, बरं झालं, ती विसरली. असं वाटल्याची मला आज किळस येते. तेरा दिवस मी तिचे केस विंचरले, नळीतून पेज भरवली, आणि जे सांगायला हवं होतं ते न सांगता परतीच्या विमानात बसले.

*

"मावशी, चौथा पॉइंट तुम्ही स्किप केलात," डॉक्टर प्रीता म्हणाल्या. सोनल गेली होती. आतल्या खोलीत मी डबा उघडून बसले होते. "लास्ट वीकमध्येपण. आणि तुम्ही प्रत्येकाचं तोंड परत चेक करताय. आय ॲम नॉट अँग्री. पण काय झालंय?"

अक्काच्या आजाराचं त्यांना माहीत होतं. त्यासाठीच त्यांनी मला रजा दिली होती, परत आल्यावर मिठी मारली होती. बाकीचं माहीत नव्हतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि सांगून टाकलं. रविवार, किल्ली, पॉलिशचं यंत्र, ट्रे, स्वयंपाकघर, फुलं. आवाज चढला नाही की रडू आलं नाही. पेशंटची हिस्टरी सांगावी तसं सांगितलं.

त्या माझ्यासमोर बसल्या. माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी. टेबलावरची मिठाची डबी त्यांनी बाजूला सारली.

"मला का नाही दाखवलंत?" त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम होतं. आय वुड हॅव सीन इट, मावशी."

"मला लाज वाटली."

"माझी?"

"तुमची नाही, तिची."

त्यांना ते कळलं की नाही, मला ठाऊक नाही. इथे जन्मलेल्यांना आईवडिलांची लाज वाटते, मग ती मोठेपणी विरते. आमच्या लाजा मोठेपणी सुरू होतात.

"तुमच्याकडची किल्ली मला परत घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "आय हॅव टू. आणि हे मला लिहूनही ठेवावं लागेल."

मी जुडग्यातून किल्ली काढून दिली. ती घेताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. "तुम्ही तिला सांगितलंत का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"शी शुड हिअर इट फ्रॉम यू," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बघायला गेल्या.

*

रविवारी सकाळी नऊला मी व्हिडिओ कॉल लावला. कराडजवळ अक्काच्या गावी संध्याकाळचे साडेसहा. श्रीराम भाजी आणायला गेला होता. घरात मी एकटी होते.

राजेशने फोन उचलला. "मावशी, आत्ताच पेज घेतली आईने. देतो."

अक्का पडद्यावर आली. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली आहे. रेडिएशनने कातडी काळवंडली आहे. तिचे शब्द आता जड येतात, ओठ मिटून बोलायची अक्षरं घसरतात. मला सवयीने कळतात.

"अक्का, राजेशला जरा बाहेर जायला सांग. आपल्या दोघींचं बोलायचं आहे."

राजेशने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि तो गेला. मी आदल्या रात्री काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"तुला चुरचुरत होतं, मी गाल ओढून बघितलं होतं. आठवतं?"

"व्हय."

"तिथे पांढरं होतं. मी जेल म्हणाले. ते जेलचं नव्हतं गं. मला तेव्हाच ते वेगळं दिसलं होतं. मी पुसून बघितलं नाही. डॉक्टरांना दाखवलं नाही. तुझी मिसरी त्यांना कळू नये म्हणून नाही दाखवलं. अक्का, तुझा जबडा माझ्यामुळे गेला."

अक्काने पदराने ओठाचा कोपरा टिपला. शेजारच्या घरात टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पांढरं व्हतं त्ये. आदल्या दिवाळीपास्नंच व्हतं." ती थांबून थांबून बोलत होती. "दवाखान्यातली नर्सबाई म्हनली, कोल्हापूरला जाऊन दाव. म्या म्हनलं, कशाला कोल्हापूर? माजी भन त्येच काम करती अमेरिकंत. जातीच हाय लग्नाला, तिलाच दावते की."

मी हातातला फोन टेबलावर टेकवून ठेवला.

"मग सांगितलं का नाहीस? एवढे दोन महिने होतीस माझ्याजवळ!"

"लगीनघरात आजाराचं कसं काढायचं गं? म्हनलं, सवडीनं बोलू. तवर तूच म्हनलीस, चल दात करू. म्हनलं, झालं काम. ही तोंडात हात घालंल, आपसूक दिसंल. न्हाईतर मला कुठली आलीया पांढऱ्या दाताची हौस?"

खुर्चीत बसून ती सारखी माझ्या चेहऱ्याकडे का बघत होती, ते मला आत्ता कळलं. ती वाट बघत होती. चहाच्या कपावर कप पिऊन, मिसरी सोडून, ट्रे चावत ती दहा दिवस माझी वाट बघत होती.

"तू काय बोलंनास. मग म्याच म्हनलं, चुरचुरतंय. तू बघितलंस, म्हनलीस जाईल. म्हनलं, हिला कळतंय. सुटले." अक्काने श्वास घेतला. "गावाकडं आल्यावर दुखाय लागलं तरी गेले न्हाई कुटं. म्हनलं, आंजीनं बघितलंय."

"आणि सर्जनला सांगितलंस, कुणीच बघितलं नाही म्हणून."

"मग काय तुजं नाव सांगू? तू हुबी व्हतीस तितं."

मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई रडते तशी, तोंड वेडंवाकडं करून, आवाज काढून रडले. माफ कर म्हणायचं होतं, पण ते शब्द इतके लहान वाटले की तोंडातून निघेनात. अक्काने मला उगी म्हटलं नाही. माझं रडून होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. लहानपणी शाळेतून मार खाऊन आले की ती अशीच चुलीपाशी बसून राहायची.

"झालं?" तिने विचारलं.

"हं."

"आता नीट बघ."

तिने फोन उचलला, उठली, ट्यूबलाइटखाली जाऊन उभी राहिली. पडद्यावर आधी छत आलं, मग भिंत, मग तिचा चेहरा खूप जवळून. तिने तोंड उघडलं. आता ते दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

"उजवीकडं आत चार दिस झालं खडबडीत लागतंय जिभंला," तोंड तसंच उघडं ठेवायचा प्रयत्न करत ती म्हणाली. "राजेशला न्हाई बोलले."

मी डोळे पुसले आणि चष्मा लावला. फोन दोन्ही हातांनी धरून पाहिलं, खुर्चीतल्या माणसाला पाहते त्याच क्रमाने. ओठ. गाल. खोबण. जीभ. "थोडी उजेडाकडे वळ," मी म्हणाले. ती वळली. "गाल बोटाने ओढ." तिने ओढला. चित्र मध्येच फुटायचं, मध्येच स्थिर व्हायचं. आत ओलसर काहीतरी चमकलं. ते पांढरं होतं की ट्यूबचा उजेड, मला सांगता येत नव्हतं. मी पुन्हा वळायला सांगितलं. ती पुन्हा वळली. तिचे डोळे पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्यावर होते.

"काय न्हाई न्हवं?" तिने विचारलं.

पूर्वीसारखं एक वाक्य म्हणायला मला काहीच लागलं नसतं. तिला आज शांत झोप लागली असती.

"मला फोनवरून कळत नाही, अक्का," मी म्हणाले. "काही असेल, काही नसेल. उद्या सकाळी कोल्हापूरला जायचं. परवा नाही, उद्याच. मीही येते, आजच विमानाचं तिकीट बघते. राजेशला बोलाव, मी त्याला सांगते."

 अक्काने तोंड मिटलं.

"बरं," ती म्हणाली. हनुवटीवर आलेली लाळ तिने पदराने टिपली, पदर नीट खांद्यावर घेतला, आणि दाराकडे वळून, जड जिभेने पण मोठ्याने, राजेशला हाक मारली.